वाळवंटातला फुलोरा बघायला निघण्याआधी

फेब्रुवारी उजाडला की दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो फिरायला लागतो. जांभळ्या फुलांनी झाकलेली वाळू, मागे करडे डोंगर आणि खाली प्रश्न : ‘शनिवारी कोण कोण येतंय?’ फोटो बहुतेकदा २०१७चा किंवा २०१९चा असतो, पण ते कुणी बघत नाही. दोन-तीन गाड्या भरतात, थेपले-चिवड्याचे डबे बांधले जातात, आणि दुपारी सगळे वाळू, दगड आणि वाळकी झुडपं बघत उभे राहतात. परतीच्या वाटेवर वाळवंटाच्या नावाने बोटं मोडली जातात. दोष वाळवंटाचा नसतो. पावसाची चौकशी न करता तारीख ठरवली की असंच होतं.

कासच्या पठाराची सवय असलेल्या माणसाची इथे हमखास गल्लत होते. सह्याद्रीत पाऊस येणारच, त्यामुळे ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत कासवर काही ना काही फुललेलं असणारच. फार तर आठवडाभर मागे-पुढे. ऑनलाइन प्रवेशिका काढावी, साताऱ्याला मुक्काम करावा आणि जाऊन यावं. याउलट इथल्या डेथ व्हॅलीत वर्षभराचा सरासरी पाऊस दोन इंच, म्हणजे जेमतेम ५० मिलिमीटर. तेवढा कासवर जुलैतल्या एका दिवसात पडून जातो. हे दोन इंचही दरवर्षी पडतील, वेळेवर पडतील, एका जागी पडतील असा भरवसा नाही. म्हणून इथला फुलोरा कॅलेंडरवर नसतो. तो पाऊस, उंची आणि दिवसाची वेळ या तीन गोष्टींवरून ताडावा लागतो. या तिन्हींपैकी पाऊस सर्वांत महत्त्वाचा आणि नेमकं त्याकडेच कुणी बघत नाही.

पाऊस कसा वाचायचा

वाळवंट रंगवणारी फुलं बहुतेक एकवर्षायू झाडांची असतात. झाड उगवतं, फुलतं, बी टाकतं आणि उन्हाळ्याआधी मरतं. उरलेला काळ, कधी कधी अनेक वर्षं, त्याचं बी वाळूत पडून असतं. अनेक जातींच्या बियांत उगवण रोखून धरणारी द्रव्यं असतात. ती धुऊन जायला एका दमात साधारण अर्धा ते एक इंच पाऊस लागतो. नुसत्या शिंतोड्याने काम होत नाही आणि ते बरंच आहे, कारण शिंतोड्यावर भाळून उगवलेलं रोप पुढच्या आठवड्यात करपून जाईल. फ्रिट्स वेंट या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात जोशुआ ट्री आणि डेथ व्हॅलीच्या परिसरात या बियांचा अभ्यास केला तेव्हा पाऊस किती आणि त्या वेळी गारवा किती, यावर कोणतं बी उगवणार हे ठरतं, असं त्याला दिसलं. उन्हाळी पावसावर उगवणारी झाडं वेगळी, हिवाळी पावसावर उगवणारी वेगळी.

आणखी एक गंमत म्हणजे चांगला पाऊस झाला तरी सगळं बी उगवत नाही. काही भाग मागे राखला जातो. ॲरिझोना विद्यापीठाचे लॉरेन्स व्हेनेबल आणि त्यांचे सहकारी ट्युसॉनच्या टुमामॉक टेकडीवर १९८२पासून अशा झाडांची मोजदाद करत आले आहेत. ज्या जातींचं भवितव्य पावसाच्या लहरीवर जास्त अवलंबून, त्या जाती जास्त बी मागे ठेवतात, असं त्यातून पुढे आलं. लागोपाठ दोन वर्षं चांगली गेली नाहीत तरी वाळवंट रिकामं होत नाही, ते या राखीव साठ्यामुळे.

वाचकाच्या दृष्टीने याचा अर्थ सोपा आहे. सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये एखादा दणदणीत पाऊस झाला का, हे आधी बघायचं. त्यानंतर डिसेंबर ते फेब्रुवारीत दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने थोडा थोडा पाऊस येत राहिला का, हे बघायचं. आणि फेब्रुवारीत अचानक कोरडे गरम वारे सुटले नाहीत ना, हे शेवटी. तिन्हींची उत्तरं बरी असतील तर फुलं येतील. ऑक्टोबर २०१५मध्ये डेथ व्हॅलीत इतका जोरदार पाऊस झाला की उत्तरेकडच्या स्कॉटीज कॅसल या जुन्या वाड्याला पुराने तडाखा दिला. त्याच पावसाने २०१६च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये खोऱ्याचा तळ पिवळा करून टाकला. त्याआधी असा फुलोरा १९९८ आणि २००५मध्ये आला होता. अंतरं बघा, म्हणजे ‘दरवर्षीचा सुपरब्लूम’ या थापेतला दम कळेल. वर्तमानपत्रं आणि इन्स्टाग्राम दर फेब्रुवारीत हा शब्द वापरतात. त्याला शास्त्रीय व्याख्या नाही, त्यामुळे तो कुणीही कशालाही लावू शकतो.

माझा सल्ला असा : जानेवारीत एकदा शरद ऋतूतल्या पावसाचे आकडे बघा. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतात. चांगले असतील तर फेब्रुवारीअखेर ते एप्रिलमधले दोन-तीन शनिवार-रविवार मोकळे ठेवा, पण हॉटेलचे पैसे अडकवू नका. आकडे वाईट असतील तर त्या वर्षी गालिच्याची आशा सोडा. गालिचा नसला तरी बघण्यासारखं पुष्कळ असतं, त्याबद्दल पुढे.

जाता जाता : राजस्थानात थरच्या वाळवंटात असा वसंतातला गालिचा का दिसत नाही, असं पुष्कळ जण विचारतात. थरला पाऊस मिळतो तो मुख्यतः मान्सूनचा. इथल्या मोहावीच्या वाळवंटाला तो मिळतो हिवाळ्यात, पॅसिफिकवरून येणाऱ्या वादळांचा. हिवाळी ओल आणि मग कोवळं ऊन, या जोडीतून वसंताची एकवर्षायू फुलं येतात. थरमध्ये त्या सुमाराला रंग दिसतो तो रोहिड्याच्या झाडावर, जमिनीवर नाही.

उंची आणि वेळ

फुलोरा खालून वर चढतो. डेथ व्हॅलीत समुद्रसपाटीच्या आसपासच्या भागात फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, तीन ते पाच हजार फुटांवर एप्रिल आणि मेच्या सुरुवातीला, त्याहून वर मे-जूनमध्ये. म्हणजे खालचं चुकलं तरी सगळं चुकलं असं होत नाही, चढावं लागतं एवढंच. अँझा-बोरेगो या स्टेट पार्कच्या खालच्या वाळूत फेब्रुवारीअखेर ते मार्चचा मध्य हा साधारण काळ. जोशुआ ट्रीमध्ये दक्षिणेचा, कॉटनवूडकडचा भाग आधी फुलतो आणि उत्तरेचा उंच भाग एप्रिलमध्ये. लँकॅस्टरजवळच्या अँटिलोप व्हॅलीत केशरी पॉपी बहुधा मार्चअखेर ते एप्रिल. आपला गुढीपाडवा मार्चच्या उत्तरार्धात किंवा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात येतो. ज्या वर्षी पाऊस नीट झालाय त्या वर्षी पाडव्याच्या आसपासचा शनिवार यांतल्या कुठल्या तरी उंचीवर हमखास कामी येतो.

दिवसाची वेळ लोक फारशी लक्षात घेत नाहीत. कॅलिफोर्निया पॉपी थंडीत, ढगाळ हवेत, जोराच्या वाऱ्यात आणि रात्री पाकळ्या मिटून घेते. सकाळी सातला अँटिलोप व्हॅलीत पोचलात तर मिटलेल्या केशरी सुरळ्या दिसतील. दहानंतर जा. उलट ड्यून इव्हिनिंग प्रिमरोज हे मोठं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि दुसऱ्या दिवशी ऊन वाढलं की कोमेजतं. त्यासाठी सूर्यास्त किंवा अगदी पहाट गाठावी. त्यामुळे दुपारी बाराला येऊन दोनला निघणाऱ्यांच्या वाट्याला उमललेलं प्रिमरोज येत नाही. अँझा-बोरेगोतल्या बोरेगो स्प्रिंग्ज गावात एक रात्र राहिलात तर हा प्रश्न सुटतो.

कुठे जायचं

एकाच जागेचं नाव सांगा असं म्हणाल तर मी अँझा-बोरेगो सांगेन. कॅलिफोर्नियातलं हे सर्वांत मोठं स्टेट पार्क, सहा लाख एकरांहून अधिक. सॅन डिएगोहून साधारण दोन तास, लॉस एंजेलिसहून अडीच-तीन. समुद्रसपाटीच्या थोडं वरपासून सहा हजार फुटांपर्यंत उंची असल्याने एकाच दिवसात दोन-तीन ऋतू बघता येतात. मधोमध बोरेगो स्प्रिंग्ज हे छोटं गाव. तिथे पेट्रोल, किराणा, खानावळी सगळं आहे. २००९मध्ये हे गाव आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय कम्युनिटी’ झालं, म्हणून तिथे रस्त्यावर दिवे कमी आणि आकाशात तारे जास्त. अमावस्येच्या आसपास गेलात तर फुलांच्या सहलीत आकाशदर्शन फुकट.

आधी गावाबाहेरच्या व्हिजिटर सेंटरमध्ये जा. इमारत अर्धीअधिक जमिनीत दडवलेली आहे, त्यामुळे नवख्याला ती लवकर दिसत नाही. भोवती नावांच्या पाट्या लावलेली झाडांची बाग आहे आणि चालायला सोपी वाट. आई-बाबा आले असतील, गुडघे कुरकुरत असतील, तर त्यांची निम्मी सहल इथेच होते. आत टेबलामागे बसलेल्या स्वयंसेवकाला एकच प्रश्न विचारा : ‘आज कुठे आहेत?’ ‘या महिन्यात’ नाही, ‘आज’. हे लोक रोज फिरतात आणि नकाशावर खूण करून देतात. तेवढं केलंत तर इंटरनेटवर घालवलेले तास वाचतील.

सपाट वाळूतला फुलोरा बहुधा गावाच्या उत्तरेला, हेंडरसन कॅन्यन रोडच्या कडेला आणि डी जॉर्जिओ रोड संपतो तिथून पुढे कोयोटी कॅन्यनकडे दिसतो. जांभळी-गुलाबी सँड व्हर्बिना, पिवळं डेझर्ट सनफ्लॉवर आणि पांढरं प्रिमरोज असं तिघांचं मिश्रण. चालायची तयारी असेल तर बोरेगो पाम कॅन्यनची वाट घ्या. जाऊन-येऊन सुमारे तीन मैल, शेवटी कॅलिफोर्नियाच्या मूळ ताडांची राई. नशीब असेल तर कड्यावर बिगहॉर्न मेंढ्या दिसतात. पार्कच्या नावातला ‘बोरेगो’ त्यांच्यावरूनच आला आहे.

जोशुआ ट्रीमध्ये गालिच्यापेक्षा झाडं बघायची. तिथली जोशुआची झाडं मार्चच्या आसपास पांढरट हिरव्या फुलांचे तुरे धरतात. त्यांचं परागण एकच प्रकारचा छोटा पतंग करतो, युका मॉथ. तो परागकण मुद्दाम गोळा करून दुसऱ्या फुलावर नेऊन ठेवतो आणि त्याच फुलात अंडी घालतो. त्याच्या अळ्या थोड्या बिया खातात, बाकीच्या झाडाला राहतात. उद्यानाच्या आत पेट्रोल किंवा खायला काही मिळत नाही आणि पाणीही फक्त कडेच्या दोन-चार ठिकाणी. शनिवारी पश्चिमेच्या दारावर गाड्यांची रांग लागते, दक्षिणेचं दार त्या मानाने मोकळं असतं.

बे एरियातल्या वाचकांना अँझा-बोरेगो लांब पडतं. त्यांनी कॅरिझो प्लेन बघावं. चार-पाच तासांचा रस्ता. २०१७, २०१९ आणि २०२३मध्ये तिथल्या टेंब्लर डोंगरांच्या उतारांवर पिवळ्या-जांभळ्या पट्ट्या उमटल्या होत्या. सॅन अँड्रियास प्रस्तरभंग जमिनीवर डोळ्यांनी दिसतो, हा वरचा लाभ. मात्र आत पेट्रोल नाही, प्यायचं पाणी नाही, आणि पाऊस पडून गेल्यावर कच्चे रस्ते इतके चिकट होतात की गाडी रुतलीच म्हणून समजा. डेथ व्हॅली लास व्हेगसहून दोन तास. व्हेगसला जाणं होतंच, तेव्हा जोडून घ्या, एरवी फक्त फुलांसाठी सॅन फ्रान्सिस्कोहून आठ-नऊ तास गाडी हाकण्याइतकी खात्री मोठ्या पावसाच्या वर्षीच धरावी.

ताज्या खबरीसाठी लॉस एंजेलिसच्या थिओडोर पेन फाउंडेशनची रानफुलांची हॉटलाइन आहे. १९८३पासून मार्च ते मे दर आठवड्याला कुठे काय फुललंय ते सांगतात. आयनॅचरलिस्ट या ॲपवर गेल्या चार दिवसांत कुणी कुठे काय टिपलं ते तारखेसकट दिसतं. व्हॉट्सॲपवरच्या फोटोला तारीख नसते, हा फरक.

काय बघायचं

मोठ्या गालिच्यासमोर माणूस पाच मिनिटं उभा राहतो आणि फोटो काढून कंटाळतो. वाळवंट खरं कळतं ते वाकल्यावर. पर्पल मॅट, मंकीफ्लॉवरच्या छोट्या जाती, लोकरी डेझी ही फुलं नखाएवढी किंवा त्याहून लहान. इथले लोक त्यांना ‘बेली फ्लॉवर्स’ म्हणतात, कारण पोटावर आडवं झाल्याशिवाय ती नीट दिसत नाहीत. बोटभर उंचीचं संपूर्ण झाड, त्याला एकच फूल. कमी पावसाच्या वर्षीही ही कुठल्या तरी ओढ्याच्या काठी सापडतात. मुलांना हे काम द्या. त्यांचे डोळे जमिनीच्या जवळ असतात आणि ती आपल्याहून जास्त शोधतात.

घोस्ट फ्लॉवर नावाचं एक फिकट, जवळजवळ पारदर्शक फूल खडकाळ ओढ्यांत दिसतं. त्याच्यात मध नाही. ते शेजारच्या ब्लेझिंग स्टार या मध देणाऱ्या फुलासारखं दिसतं आणि त्याच्या मधमाश्यांना फसवून स्वतःचं परागण करून घेतं. दोन्ही जवळजवळ फुललेली सापडली तर पाच मिनिटं थांबा आणि माशी कुठे जाते ते बघा. डेथ व्हॅलीत गेलात तर फाइव्ह-स्पॉट शोधा : फिकट गुलाबी गोल वाटी, वरून आत डोकावलं की पाच लाल ठिपके.

चिया आपल्याला पाकिटातली माहीत आहे. तिची इथली रानटी बहीण ओढ्याकाठी निळ्या गोल तुऱ्यांनी फुलते. तुळशीच्या कुळातली, म्हणजे सब्जाचीही नातेवाईक, आणि तिचं बीही पाण्यात तसंच बुळबुळीत फुगतं. काहुइया आणि कुमेयाय हे इथले मूळ रहिवासी ते भाजून, दळून खात. ब्रिटलबुश हे पिवळ्या फुलांचं झुडूप तर रस्त्याच्या कडेला सगळीकडे. त्याचा डिंक स्पॅनिश मिशनांमध्ये धुपासारखा जाळत, म्हणून त्याला इन्सिएन्सो असंही म्हणतात. ओकोटीयोच्या उंच काटेरी छड्या एरवी मेलेल्या वाटतात. पाऊस पडला की काही दिवसांत त्यांना पानं फुटतात, ओल संपली की गळतात, आणि वसंतात टोकांना लाल तुरे येतात. गालिच्याचं वर्ष नसलं तरी ओकोटीयो बहुधा निराश करत नाही, आणि तुऱ्यावर हमिंगबर्ड आला तर दिवसाचे पैसे वसूल.

आता सुरवंट. काही वर्षी फुलांच्या मैदानात बोटाएवढे जाड, हिरवे-काळे पट्ट्यांचे सुरवंट हजारोंनी फिरताना दिसतात आणि दोन-चार दिवसांत सगळं फस्त करतात. लोक हळहळतात, मुलं किंचाळतात. हे स्फिंक्स मॉथचे सुरवंट. प्रिमरोजची पानं-फुलं खाऊन वाढलेला हाच पतंग पुढे संध्याकाळी प्रिमरोजवर घिरट्या घालून तिचं परागण करतो. शिवाय फेब्रुवारी-मार्चमध्ये दक्षिण अमेरिकेतून उत्तरेला जाणारे स्वेन्सन्स हॉक हे ससाणे बोरेगोच्या खोऱ्यात उतरून याच सुरवंटांवर ताव मारतात. फुलं खाल्ली म्हणून वैतागू नका, पहाटे दुर्बीण घेऊन ससाणे बघा.

पिवळं ते सगळं रानफूल नाही

महामार्गावरून जाताना डोंगर पिवळेधमक दिसले की गाडीतून ‘अहो, बघा!’ असा गजर होतो. पुष्कळदा ती मोहरी असते, बाहेरून येऊन माजलेली. वाळवंटात तर सहारा मस्टर्ड ही जात खरा शत्रू झाली आहे. ती इतरांच्या आधी उगवते, ओल शोषून घेते, सावली धरते आणि वाळल्यावर आगीला इंधन होते. जिथे ती दाट झाली तिथे सँड व्हर्बिनाला जागा उरत नाही. बोरेगोत स्वयंसेवक हिवाळ्यात ती हातांनी उपटतात. ओळखायची खूण सोपी : मोहरीच्या फुलाला चार पाकळ्या असतात आणि पानं चोळली की ओळखीचा वास येतो, डेझर्ट सनफ्लॉवर मात्र सूर्यफुलासारखं, मध्ये चकती आणि भोवती पाकळ्यांची किनार. पण स्वतःच्या अक्कलहुशारीने उपटायला जाऊ नका. चुकून भलतंच उपटलं जातं आणि उद्यानात काहीही उपटायला परवानगी लागते.

कसं वागायचं

२०१९च्या मार्चमध्ये लेक एल्सिनोरच्या वॉकर कॅन्यनमध्ये पॉपी बघायला इतकी झुंबड उडाली की शहराला ती वाट काही काळ बंद करावी लागली. २०२३मध्ये तर फुलोरा ऐन भरात येण्याआधीच शहराने लोकांना ‘येऊ नका’ म्हणून सांगितलं आणि पार्किंग बंद केलं. कारण फक्त फुलं तोडणं नव्हे, फुलांत बसणंही. गालिच्यात एक जण फोटोसाठी दहा पावलं आत जातो, त्याच्या पावलांची वाट होते, पुढचा तीच वाट धरतो, आणि आठवड्याअखेर तिथे दडपलेली कोरी जमीन उरते. चिरडलेलं रोप बी टाकत नाही, म्हणजे पुढच्या चांगल्या पावसाच्या वर्षाची तजवीज गेली.

पाडव्याची नऊवारी नेसून फुलांत फोटो काढायची हौस असेल तर काढा, पण वाटेवर उभं राहून. फोटो काढणाऱ्याने खाली बसून, थोडं लांबून, झूम करून काढला की माणूस फुलांत उभा असल्यासारखाच दिसतो. सरकारी जमिनीवर फूल तोडणं हा कायद्याने गुन्हा आहे आणि पॉपी तर १९०३पासून राज्याचं फूल आहे. देवाला वाहायला म्हणूनसुद्धा नको. नॅशनल पार्कांत ड्रोन उडवायला बंदी आहे, आणि कुत्र्याला पायवाटांवर नेता येत नाही.

रस्त्याच्या कडेला गाडी लावताना पूर्ण गाडी डांबरावरून खाली घ्या, पण वाळू घट्ट आहे का, हे आधी उतरून पायाने दाबून बघा. भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्यावर न्यायला बहुधा मनाई असते. रुतली तर ओढून काढायचा खर्च तुमचा.

पाणी माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे जवळजवळ चार लिटर. हे मार्चमध्येही. हवा कोरडी असल्याने घाम कळत नाही. फोनला रेंज नसेल असं धरूनच चला, नकाशा आधी डाउनलोड करा आणि घरी कुणाला तरी सांगून निघा. ऊन चढलं की रॅटलस्नेक बाहेर येतात, तेव्हा दगडाखाली, झुडपाखाली हात घालू नका आणि मुलांना चपला नकोत, बंद बूट. चोया निवडुंगाच्या गोळ्या नुसत्या घासल्या तरी कपड्याला चिकटतात. हाताने ओढल्या तर हातालाही चिकटतात, म्हणून खिशात एक साधा कंगवा ठेवा आणि त्याने उपसून काढा. फॅसिलिया या जांभळ्या फुलांच्या केसांनी काहींच्या अंगाला पुरळ उठतं, हात लावू नका.

डोंगरावर ढग असतील तर कोरड्या ओढ्यात थांबू नका. तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही वरून लोंढा येऊ शकतो. २००४च्या सप्टेंबरात असाच लोंढा बोरेगो पाम कॅन्यनमधून आला आणि ताडाची झाडं मुळासकट वाहून नेली. त्यांचे ओंडके पुढे कित्येक वर्षं वाटेच्या कडेला पडून होते.

राहता राहिले मे-जूनमध्ये भारतातून येणारे आई-बाबा. बहुतेकांचं तिकीट तेव्हाचंच असतं, आणि मुलांना वाटतं, इतक्या लांबून आलेत तर डेथ व्हॅलीही दाखवावी. तोवर खोऱ्याच्या तळाला पारा चाळीस अंशांवर गेलेला असतो आणि खाली एकही फूल नसतं. त्यांना तिथे नेऊ नका. जुलैत सिएरा नेवाडातल्या उंच कुरणांवर बर्फ वितळून फुलं आलेली असतात, ती दाखवा. आणि वाळवंटच दाखवायचं असेल तर पुढच्या वर्षीचं तिकीट फेब्रुवारीअखेरचं काढा, तेही शरदातला पाऊस बघून.